दस्तगीरमामूंचं न दिलेलं कडं

तुमच्यापुढं दोन कोंबडे उभे केले आणि आधी त्यांच्या धन्यांची नावं तुमच्या कानात सांगितली, तर त्यांतला चांगला कोणता हे तुम्ही खरं सांगाल का? घाईनं हो म्हणू नका. मीही तसंच म्हटलं असतं. मी पत्रकं वाचून वाढलेला मुलगा. सोलापूरकडून निजामाची सरहद्द ओलांडून, गुळाच्या पोत्यात दडून आलेली ती चुरगळलेली पत्रकं मला तोंडपाठ होती. न्याय म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. तो हातानं कसा करतात, हे मात्र मी एका नालबंदाकडं पाहिलं. आणि पाहून मी काय केलं, तेही आज लिहायचं आहे.

आमचं गाव अणदूरपासून कोसभर. गावाच्या वेशीबाहेर, पाणवठ्याच्या वाटेवर दस्तगीरमामूंचं छप्पर होतं. पुढं ऐरण आणि भाता, मागं कोंबड्यांची खुराडी. बैलांना आणि घोड्यांना नाल मारणं हा त्यांचा धंदा. अंगानं वाळकुडे, दाढी मेंदीनं तांबूस, आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी उसने आणल्यासारखे, रुंद आणि जड. त्या हातांत पाय आला की लाथाडणारा खोंडसुद्धा गप्प होई. मामू माणसांशी मराठी बोलत आणि जनावरांशी दखनी. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "घोड्याला मराठी कळत न्हाय. माणसाला कायच कळत न्हाय, मग कायबी बोलावं."

मला ते 'पत्रकवाले' म्हणत. "या पत्रकवाले, आज सरकार कुणी पाडलं?" असं विचारून ते भात्याजवळची जागा झाडून देत. माझी चेष्टा करणारा आणि तरीही मला बसायला सांगणारा गावात तेवढा एकच माणूस होता.

त्यांच्या कोंबड्या असील जातीच्या. त्यांच्या आजोळाकडून आलेलं ते रक्त त्यांनी कुठंही मिसळू दिलं नव्हतं. उंच मान, खाली झुकलेली शेपूट, डोक्याला चिकटलेला वाटाण्याएवढा तुरा, आणि डोळा पांढुरका, मोत्यासारखा. खुराड्यात हात घालण्याआधी मामू राखेनं हात धूत. मग पक्षी छातीखालून उचलत आणि स्वतः डोळे मिटून घेत. बोटं छातीच्या हाडावरून जात, मांडीवरून, पायाच्या नळीवरून, शेवटी नखांपर्यंत. "आधी पाय बघावा," ते म्हणत. "तोंड तर चोराचंबी साजरं असतं."

ते कोंबडी विकत नसत. मागणाऱ्याला अंडी देत, आणि वर्षानं त्यातला एक नर दाखवायला आणण्याची अट घालत. न आणणाऱ्याला पुन्हा अंडं मिळत नसे, मग तो पाटील असो की महार. कळंबचा एक अडत्या एकदा झुंजीसाठी कोंबडा मागायला आला. पायाला सुऱ्या बांधून लढवतात, तशी झुंज. लढवल्याशिवाय पक्ष्याची पारख कशी होणार, असं त्याचं म्हणणं. मामूंनी त्याचा बैल नालून दिला, पाणी पाजलं आणि सांगितलं, "सावकार, तुमी पोरीचं लगीन ठरवताना जावयाची कुस्ती लावली हुती का?" अडत्या रागानं गेला. पुढच्या वर्षी मात्र तोच पारखीला डालगं घेऊन हजर होता.

ही पारख म्हणजे आमच्या गावाची खासियत. अणदूरच्या खंडोबाची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या वडाखाली कोंबड्या जमत. भूमकडून, कळंबकडून, तुळजापूरच्या वाडीवाडीतून गाड्या येत. वडाखाली ओळीनं डालगी पालथी घातलेली असत, सगळी एकाच बुरुडानं विणलेली, एकाच मापाची. कोणत्या डालग्याखाली कुणाचा पक्षी, हे मामूंना कळता कामा नये. धनी लोक दोरीच्या पलीकडं उभे राहत, आणि आपला पक्षी बाहेर आला तरी कुणी हूं की चूं करत नसे. डालगी उचलायला एक माणूस नेमलेला असे. कोंबडा नसलेल्या घरचाच माणूस लागे. त्याला धनी ठाऊक असत, म्हणून पारख संपेपर्यंत त्यानं दातांत कडुलिंबाची डहाळी धरायची. डहाळी धरलेल्या तोंडाला बोलता येत नाही आणि कडू लागल्यानं बोलायचं नाही हे विसरताही येत नाही, असा तो साधा बंदोबस्त.

आणि नेम असा की, पक्षी कुणाचा हे पारख्याला कळलं, तर त्यानं त्या पक्ष्याला हात लावायचा नाही. म्हणून मामूंचा स्वतःचा कोंबडा पारखीत कधीच बसला नाही. जिल्ह्यात सगळ्यांत चांगले पक्षी कुणाकडं आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्यांतल्या एकाच्याही पायात कधी कडं पडलं नाही. कडं म्हणजे बक्षीस. दर वर्षी मामू तांब्याचं एकच कडं स्वतः घडवत, आणि पहिल्या आलेल्या पक्ष्याच्या पायात घालून त्याच्या पाठीवर चिमूटभर भंडारा टाकत. मुसलमानाच्या हातचा भंडारा कसा, असं कुणी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायला लोकांना नंतर शिकवलं गेलं.

सत्तेचाळीस सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. तिकडं देश मोकळा झाला होता आणि इकडं आम्ही निजामाच्या राज्यात दाराला आतून कडी लावून बसलो होतो. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. कुठलं गाव जळालं ते धुराच्या दिशेवरून ओळखायचं. माझ्यासारख्या पोरांनी पत्रकं चुलीत घातली होती, आणि मी चुलीत घातली नव्हती म्हणून रोज घाबरत होतो. अशा वर्षी पारख भरवू नये, असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. मामू म्हणाले, कोंबड्यांनी कुणाचं काय केलंय?

डालगी उचलायला त्या वर्षी मला नेमलं. आमचं घर लिंगायत वाण्याचं. घरात अंडंसुद्धा येत नसे, म्हणून माझी निवड.

गाड्या निम्म्याच आल्या. पक्षी डालग्यांखाली जाऊन दोरी बांधून झाली, आणि अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा अंमलदार. त्या दिवसांत त्याच्या एका शब्दावर माणूस घरी परत येई किंवा येत नसे. मागं चार जवान, आणि एकाच्या काखेत लालभडक, उंच कोंबडा. साहेबांना शौक होता. मामू रिवाजाप्रमाणं वडाकडं पाठ करून बसले होते, त्यांना काही दिसलं नाही. जवानानं पक्षी तिसऱ्या डालग्याखाली घातला आणि माझ्याकडं बघून नुसता हसला. दोरीपलीकडची माणसं एक पाऊल मागं सरली.

मी डहाळी दातांत धरली. पहिलं डालगं उचललं, दुसरं उचललं. मामू डोळे मिटून बोटं फिरवत होते, आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. हा म्हातारा सरळ आहे. तिसरा पक्षी तो बाद करणार आणि साहेब त्याला इथंच, वडाखाली, संपवणार. पक्षी बाद होणारच, याबद्दल मला शंका नव्हती. जुलमी माणसाचा कोंबडा चांगला कसा असेल?

तिसरं डालगं उचललं. लाल कोंबडा बाहेर आला, तीन पावलं चालला, उभा राहिला. मामू हात पुढं करणार तेवढ्यात मी दातांतली डहाळी काढली, वाकलो आणि हळूच म्हणालो, "मामू, हा अमीनसाहेबांचा."

मामूंचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. एखाद्यानं चांगल्या बैलाच्या खुरात चुकीच्या जागी खिळा मारावा, आणि ते आपण पाहावं, तशी होती.

मग ते उठले, दोरीकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या डालग्याचा धनी मला कळलाय. ह्याची पारख माझ्याच्यानं होणार न्हाय."

 कुणाचा कोंबडा हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. साहेबाच्या पक्ष्याला भर पारखीत हात लावायला नकार, एवढंच लोकांना दिसलं. अमीनसाहेब दोरी ओलांडून आत आले. आवाज चढवला नाही. "किसने बताया?"

मी डहाळी पुन्हा दातांत धरली होती. कडू लाळ घशाखाली जात होती.

"मेरे कान का कसूर है, साब," मामू म्हणाले.

साहेब मामूंकडं पाहत राहिले, मग माझ्याकडं, मग त्या डहाळीकडं. "उसूल अच्छा है," ते म्हणाले. "किसी दिन तुम्हारे परिंदे देखने आऊँगा." कोंबडा उचलला आणि गेले. पाठोपाठ गाड्या जुंपल्या गेल्या. राहिलेली डालगी कुणी उचललीच नाहीत. ज्यानं त्यानं आपापला पक्षी ओढून काढला आणि वाट धरली. त्या वर्षीचं कडं मामूंच्या बंडीच्या खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला गेलो. तुम्हाला वाचवायला बोललो, असं म्हणालो. ते नालेचे खिळे सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यो पक्षी चांगला हुता रं. तीन पावलं बघितली हुती म्या. पैला त्योच येणार हुता."

मी सरळ झालेले खिळे गोळा करू लागलो. 

"माणूस वाईट म्हनून कोंबडाबी वाईट असतो का, पत्रकवाले? कुठल्या पत्रकात लिवलंय?" मग खिळा बाजूला ठेवून हलक्या आवाजात बोलले, "कळल्यावर हात खोटा पडतो. कडं दिलं असतं तर भिऊन दिलं. न्हाय दिलं तर रागानं. खरं काय ते माझं मलाबी कळलं नसतं."

त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. अमीनसाहेबांच्या घोडीला नाल मामूच मारत, त्यामुळं तिची चाल त्यांच्या कानाला ओळखीची होती. मागच्या डाव्या पायाची टाप जरा ओढून पडते, असं ते सांगत. आता रस्त्यावर कुठलीही टाप वाजली की त्यांचा हातोडा वर थांबे. मान तिरकी होई. भाता ओढणारी मामी हात आखडून घेई. टापा जवळ येत, आणि मामू म्हणत, "ही न्हाय." मग हातोडा खाली येई. दिवसातून दहादा असं होई.  कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, साधा निरोपसुद्धा नव्हता. पण 'किसी दिन' हा कोणता दिवस, ते कळल्याशिवाय माणूस जेवणार कसा?

त्या काळात त्यांनी एक केलं. ज्या मामूंनी कोंबडी कधी दारातून बाहेर जाऊ दिली नव्हती, ते जोडी-जोडी वाटू लागले. भरदिवसा, डालग्यावर वैरण टाकून. मांगवाड्यात गेली, धनगराकडं गेली, पाटलाच्या पुतण्याकडं गेली. एक खुडकायला, म्हणजे अंड्यांवर बसायला, आलेली मादी ते आमच्या घरी घेऊन आले. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, दारात उभी राहून त्या पक्ष्याकडं बघत राहिली. लिंगायताच्या घरात कोंबडी म्हणजे जातीबाहेर जाण्याचं काम. मामूंनी काही सांगितलं नाही, अव्वानंही विचारलं नाही. "गोठ्यात इंचू लई झालेत," ती म्हणाली. "टिपून तरी खाईल. ठेवा." पुढं कुणीही विचारलं की ती विंचवांचंच नाव सांगे.

साहेब आले ते चैत्रात. मी तिथंच होतो. मामूंची मान तिरकी झाली आणि त्या वेळी ते "ही न्हाय" म्हणाले नाहीत. उठून त्यांनी राखेनं हात धुतले.

खुराडी रिकामी पाहून साहेब हसले. पक्षी कुठं आहेत? वाटले. कुणाकुणाला? त्या नावांचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. नाव निघालं की त्या घरात जवान शिरणार. पक्षी निमित्ताला, मग पेटी, मग पोरीबाळी.

मामू मराठीत बोलले. ते साहेबांशी कधी मराठीत बोलत नसत. "धन्याचं नाव म्या ध्यानात ठेवत न्हाय, साहेब. माझा धंदाच तसा हाय."

जवानांनी त्यांचा उजवा हात त्यांच्याच ऐरणीवर ठेवला. हातोडाही त्यांचाच होता. मी डोळे मिटले, म्हणून मी फक्त आवाज लिहू शकतो, आणि तो लिहिण्यासारखा नाही. मामूंनी नाव सांगितलं नाही. माझं तर नाहीच. डहाळी काढणारं तोंड कुणाचं हे तेव्हा त्यांनी सांगून टाकलं असतं, तर त्यांचा हात वाचलाही असता.

हात भरून आला तो वाकडा. तीन बोटं तळहाताकडं वळलेली राहिली. नालबंदी संपली. पावसाळा आला, आणि भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं, अमीनसाहेब कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही. आम्ही मोकळे झालो. पत्रकात लिहिलं होतं तो दिवस हाच, असं वाटून मी रस्त्यावर नाचलो, हे कबूल करतो.

आठव्या दिवशी लोक कुऱ्हाडी घेऊन मामूंना शोधायला निघाले. साहेबाच्या घोडीला नाल मारत होता, साहेबाशी दखनीत बोलत होता, बास. हात कुणी मोडला ते सगळ्यांना माहीत होतं, पण आठवायला कुणी तयार नव्हतं. मामू आणि मामी आमच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं होते. भरदुपारी तीसेक माणसं दारात आली. पुढं पाटलाचा पुतण्या. गोठ्यात कोण आहे, असं त्यानं विचारलं.

मी अव्वाच्या मागं उभा होतो. त्या दिवशी माझ्या दातांत डहाळी नव्हती, तरी शब्द फुटला नाही.

"कोंबडी हाय," अव्वा म्हणाली. "खुडूक बसलीय. अंड्यावर पंधरावा दिस हाय. आत माणूस शिरलं की ती उठंल, अंडी नासतील."

मागून कुणीतरी हसलं. वाण्याच्या घरात खुडूक?

"मग तुज्या घरी बसावं का तिनं?" अव्वा त्याला म्हणाली, आणि मग पुतण्याकडं वळली. "तुज्या घरचा त्यो मोत्या डोळ्याचा कोंबडा कुणाचा रं बाबा? सांगू का समद्यांला?"

पुतण्या खाली बघू लागला. बसलेल्या असीलच्या जवळ जाऊ नये, हे त्याला मामूंनीच शिकवलं होतं. "चला रं," तो म्हणाला, "हितं काय न्हाय." त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. एवढं खरं की ते पुढच्या आळीत गेले, आणि पुढच्या आळीत त्यांना माणूस सापडला.

दोन दिवसांनी, सकाळच्या भुरभुर पावसात, मामू आणि मामी निघाले. कानडी मुलखात मामीचं माहेर होतं. जाण्याआधी मामूंनी राख मागितली, डावा हात धुतला आणि मांगवाड्यातून आणलेल्या अंड्यांवर बसलेल्या मादीच्या पोटाखाली अलगद सारला. डोळे मिटले. "जिती हायेत," म्हणाले. मग खिशातून कडं काढून माझ्या हातावर ठेवलं. कुणाला द्यायचं, असं मी विचारलं.

"चांगल्याला," ते म्हणाले. "कुणाचा, ते इचारू नको."

मी ओढ्यापर्यंत गेलो. ते पाणी उतरून पलीकडं गेले, आणि तेवढ्यात मागच्या रस्त्यावर कुठंतरी घोड्याच्या टापा वाजल्या. अमीन पळून गेला होता, राज्य बुडालं होतं, तरी मामू काठावर थांबले. मान तिरकी झाली. मामीनं त्यांची बाही धरली. टापा जवळ आल्या, पुढं गेल्या. मग मान सरळ करून ते चालू लागले. "ही न्हाय" असं म्हणाले असतील, पण पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुढं त्यांचा निरोप आला नाही.

आता ऐका. त्या मादीखाली सात पिलं निघाली. मांगवाड्यातली जोडी आहे, धनगराची आहे, पुतण्याचा कोंबडाही आहे. वडाखाली मात्र तेव्हापासून पारख भरली नाही, कारण कुणाचा पक्षी हे विचारल्याशिवाय आता कुणी कुणाकडं बघतसुद्धा नाही. कडं माझ्याकडं आहे. येत्या मार्गशीर्षात, अणदूरची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी, मी वडाखाली डालगी पालथी घालून ठेवणार आहे. तुमच्या खुराड्यात पांढुरक्या डोळ्याचा, वाटाण्याएवढ्या तुऱ्याचा पक्षी असेल तर तो घेऊन या. पारखायला मी योग्य नाही. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी असलेला एक म्हातारा कानडी मुलखात कुठं दिसला, तर त्याला एवढंच सांगा की दोरी बांधली आहे आणि घोडी नाही. आणि आलात की पक्षी डालग्याखाली ठेवा, दोरीच्या पलीकडं उभे राहा, आणि तुमचं नाव मला सांगू नका.